कोकणात पहिला प्लांटेड टँक (खऱ्या पाणवनस्पतींचा फिशटँक) लावताय?
टँक २ फुटी घ्या, ५०-६० लिटरचा. बाउल नकोच, त्यात पाणी पटकन बिघडतं. हीटरवर पैसे घालू नका, आपल्याकडे पाणी तसंही कोमटच, उलट मे महिन्यात छोटा फॅन लावायची वेळ येते. फिल्टर स्पंजवाला बेस्ट, आणि एअर पंप बॅटरीवर पण चालणारा बघा कारण पावसात लाईट गेली की कधी येईल काय सांगता येत नाही.

किनाऱ्यावरची वाळू अजिबात नको, शिंपल्यांच्या चुऱ्याने पाणी जड (जास्त क्षारांचं) होतं नि मीठ वेगळंच. नदीची जाड रेती स्वच्छ धुवून चालेल.

अनुबियास, जावा फर्न ही झाडं दगडाला दोऱ्याने बांधा, जाड कंद पुरला तर कुजतो. लाईट ६-७ तास बस, नाहीतर शेवाळ.

मासे लगेच नाही हां! चिमूटभर खाद्य टाकत फिल्टर निदान ३-४ आठवडे चालू दे, म्हणजे त्यात पाणी साफ करणारे जिवाणू वाढतात; टेस्ट किटवर अमोनिया नि नायट्राइट (दोन्ही माशांना विषारी) शून्य आलं की मगच. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुतेक मऊ असतं, त्यात हार्लेक्विन रास्बोरा किंवा चेरी बार्ब ६-८ एकत्र सोडा, गप्पीला थोडं जड पाणी मानवतं. गोल्डफिश दुकानदार गळ्यात मारेल, घेऊ नका, झाडं खाऊन टाकतो.