नवी बॉडी की नवी लेन्स? निर्णयाआधी आपलेच फसलेले फोटो तपासा

कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५०० यांसारखा प्राथमिक श्रेणीचा कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स, एवढ्या साहित्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील अनेक हौशी छायाचित्रकारांची सुरुवात होते. हात बसला की साहित्य अपुरे वाटू लागते आणि साठवलेल्या पैशांतून महागडी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्यावी की याच बॉडीला चांगली लेन्स जोडावी, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर दुकानदाराकडे किंवा मित्राकडे मागण्याआधी स्वतःच्या फसलेल्या फोटोंकडे मागावे, कारण कॅमेरा नेमका कुठे कमी पडतो याची नोंद त्यांतच असते.

फसलेल्या फोटोंची वर्गवारी

गेल्या काही महिन्यांतले बिघडलेले फोटो एका फोल्डरमध्ये गोळा करावेत. संगणकावर प्रत्येक फोटोच्या माहितीत शटर स्पीड (प्रकाश किती वेळ आत आला), अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र किती उघडे होते; ‘एफ/’ पुढचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे), आयएसओ (प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरची संवेदनशीलता) आणि फोकल लेंग्थ (मिलिमीटरचा आकडा; लहान असेल तर चौकट रुंद, मोठा असेल तर दृश्य जवळचे) हे चारही आकडे दिसतात. ते वहीत उतरवून त्यांच्यापुढे दोषाचे कारण लिहावे. संपूर्ण चित्र एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल, तर हात हलला आहे. मागचा खांब किंवा फलक स्वच्छ असून ढोल वाजवणाऱ्याचा हात तेवढा पुसट असेल, तर हलणाऱ्या माणसासाठी शटर स्पीड कमी पडला आहे. चेहरा धूसर आणि त्याच्या मागचा मांडव मात्र स्पष्ट असेल, तर फोकस चुकला आहे. चित्र स्पष्ट असूनही त्यावर बारीक दाणे उमटले असतील, तर आयएसओ फार वर गेला आहे. याशिवाय पक्षी ठिपक्याएवढा दिसणे किंवा वास्तू चौकटीत न मावणे हे दोषही वेगळे लिहावेत. यांपैकी कोणता दोष वारंवार येतो हे एकदा कळले, की निम्मा निर्णय झालाच.

काही दोषांना बॉडीही नको आणि लेन्सही नको. पावसाळ्यात गोकाकला घटप्रभा नदी सुमारे ५२ मीटर उंचीवरून कोसळते. ते पाणी रेशमासारखे मऊ दिसावे म्हणून नवा कॅमेरा घेण्याचे कारण नाही. ढगाळ उजेडात आयएसओ १०० आणि एफ/१६ ठेवल्यास शटर स्पीड १/१५ सेकंदाच्या आसपास येतो. समोर ८ पट प्रकाश अडवणारा एनडी फिल्टर लावला की तो अर्ध्या सेकंदावर जातो आणि ट्रायपॉडवर काम होऊन जाते. चुकणाऱ्या फोकसवरही आधी मधला एकच फोकस बिंदू निवडून पाहावा, कारण १५००डीच्या ९ बिंदूंपैकी मधला बिंदूच सर्वांत भरवशाचा आहे. फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात घेऊन संगणकावर दाणे कमी करण्याचा सराव करावा. त्याला फक्त वेळ लागतो.

कमी उजेडाचे गणित

आपल्याकडचे बहुतेक फोटो कमी उजेडातच फसतात. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रीची, गणेशोत्सवातले देखावे संध्याकाळनंतरचे, लग्नाची कार्यालये अर्धवट उजेडाची. किट लेन्स ५५ मिलिमीटरवर एफ/५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स तिच्या सुमारे १० पट प्रकाश आत घेते. म्हणजे जिथे १/३० सेकंद आणि आयएसओ ६४०० ठेवूनही नाचणारा मुलगा पुसट येत होता, तिथे त्याच उजेडात १/१२५ सेकंद आणि आयएसओ २५०० मिळतो. हालचाल बऱ्याच अंशी थांबते आणि दाणेही कमी होतात.

आता याच जागी फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची, बॉडी घेतली तर काय मिळते ते पाहावे. तिच्या सेन्सरचे क्षेत्रफळ निकॉनच्या लहान सेन्सरच्या सुमारे सव्वादोन पट आणि कॅननच्या सुमारे अडीच पट असते. सेन्सरचे तंत्र सारखेच असेल तर दाण्यांच्या बाबतीत होणारा लाभही साधारण तेवढाच असतो. एकीकडे १० पट आणि दुसरीकडे सव्वादोन-अडीच पट, शिवाय ५० मिलिमीटरची ही लेन्स दोन्ही कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक. म्हणून अंधाराची तक्रार असणाऱ्याने आधी लेन्सच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मेगापिक्सेलच्या मोहात तर मुळीच पडू नये. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० × ४००० बिंदूंचा असतो आणि इंचाला ३०० बिंदू या दर्जाने तो २० × १३ इंच छापता येतो; चौकातला फ्लेक्स तर याहून कितीतरी ढोबळ छापतात.

मात्र मोठ्या अ‍ॅपर्चरची किंमत मोजावी लागते. एफ/१.८ वर २ मीटर अंतरावर जेमतेम १० सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो, त्यामुळे लेझीमच्या रांगेतला एकच चेहरा धारदार येईल आणि घरच्या समूहचित्रात मागची रांग धूसर होईल. शिवाय लहान सेन्सरवर ५० मिलिमीटरचा कोन ७५ ते ८० मिलिमीटरसारखा अरुंद होतो. एका माणसाच्या फोटोसाठी तो उत्तम, पण जुन्या वाड्याच्या माजघरात पाठ भिंतीला टेकली तरी चौकट पुरत नाही. अशा कामासाठी निकॉनची ३५ मिलिमीटर एफ/१.८ डीएक्स (लहान सेन्सरसाठीची) किंवा कॅननची २४ मिलिमीटर एफ/२.८ लेन्स अधिक सोयीची आहे. कोणती फोकल लेंग्थ घ्यावी हे ठरवण्यासाठी किट लेन्स आठवडाभर ३५ वर आणि पुढचा आठवडा ५० वर स्थिर ठेवून फोटो काढावेत.

वास्तू टिपणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीचे, म्हणजे १२०४ साली बांधलेल्या जैन मंदिराचे, छतावरील कोरीव कमळ भोवतालच्या खांबांसह घ्यायचे असेल, किंवा हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात गाभाऱ्यासमोरचा भाग टिपायचा असेल, तर १८ मिलिमीटर अपुरे पडतात. तिथे १०-१८ सारखी रुंद कोनाची झूम लेन्स हवी. दगड हलत नाही, त्यामुळे ट्रायपॉडला परवानगी असेल तर एफ/४.५ ने काही बिघडत नाही. भीमगडच्या रानातले किंवा तलावाकाठचे पक्षी टिपणाऱ्याला २५० किंवा ३०० मिलिमीटरपर्यंतची झूम लेन्स लागेल.

बॉडी कधी बदलावी

कुस्तीच्या आखाड्यात किंवा कबड्डीच्या मैदानावर भरपूर उजेड आहे, शटर स्पीड १/१००० आहे, आणि तरीही धावून येणाऱ्या खेळाडूवर फोकस टिकत नाही, अशी नोंद वहीत वारंवार येत असेल, तर दोष बॉडीचा असण्याची शक्यता मोठी आहे. १५००डी सेकंदाला ३ फोटो घेतो, तर कॅनन ९०डी ४५ फोकस बिंदूंसह १० फोटो घेतो; हा फरक लेन्सने भरून निघत नाही. लग्नाची कामे पैसे घेऊन करणाऱ्याला दोन कार्डांची सोय हवी, कारण एक कार्ड बिघडले तर तो मुहूर्त पुन्हा येत नाही. भर पावसात काम करणाऱ्याला पाणी-धुळीपासून संरक्षण असलेली बॉडी लागेल, पण तसेच संरक्षण लेन्सलाही असावे लागते, हे खरेदीच्या उत्साहात विसरले जाते.

लेन्स बॉडीला चालेल का

हा टप्पा कंटाळवाणा असला तरी वगळू नये. निकॉन डी३५०० मध्ये फोकसची मोटर नाही. त्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर बसतात, पण फोकस हातानेच करावा लागतो. या बॉडीसाठी स्वतःत मोटर असलेली एएफ-एस किंवा एएफ-पी लेन्स पाहावी. कॅननच्या ईएफ-एस (लहान सेन्सरसाठीच्या) लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर, बसत नाहीत. पुढे मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्याकडे, जायचे असेल तर कॅननच्या ईएफ (फुल फ्रेमलाही चालणाऱ्या) आणि ईएफ-एस लेन्स अ‍ॅडॅप्टरने आर मालिकेच्या बॉडीवर चालतात, मात्र फुल फ्रेम आर बॉडी ईएफ-एस लेन्ससह सेन्सरचा मधलाच भाग वापरते. आर मालिकेसाठीच्या नव्या आरएफ लेन्स जुन्या डीएसएलआरवर चालत नाहीत. त्यामुळे दोन-तीन वर्षांत बॉडी बदलण्याचा विचार पक्का असेल, तर आज ईएफ ५० सारखी लेन्स घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. ती दोन्हीकडे पूर्ण उपयोगी पडते.

खरेदीपूर्वी एखाद्या कार्यक्रमापुरती लेन्स भाड्याने किंवा ओळखीच्या छायाचित्रकाराकडून मागून आणावी आणि ज्या परिस्थितीत जुने फोटो फसले होते तिथेच वापरावी. वापरलेली लेन्स घेताना मागून मोबाइलची टॉर्च धरून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. अ‍ॅपर्चरची पाती तेलकट नाहीत ना आणि फोकस जवळून दूरपर्यंत अडखळत नाही ना, हेही दुकानातच पाहावे. खानापूर, जांबोटीकडच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या नव्या लेन्सलाही बुरशी लागते, म्हणून तिच्या किमतीतच घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि लहानसा आर्द्रतामापक यांचा खर्च धरावा. डब्यातील आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी आणि ती वर जाऊ लागली की सिलिका जेल तापवून कोरडे करून घ्यावे किंवा बदलावे.