घरचं वर्कशॉप आवरायचंय? मग वस्तू काढायला नाही, ठेवायला सोप्या करा

माझ्याकडे एकेकाळी तीन मेजर टेप होते आणि तिन्ही हरवलेले. एक सापडला नाही म्हणून दुसरा आणला, दुसरा गेला म्हणून तिसरा, आणि मग एक दिवस वैतागून कामाच्या बाकावरचा सगळा पसारा खाली उतरवला तर तिन्ही एकाच ठिकाणी, प्लायच्या तुकड्यांच्या ढिगाखाली, जणू मीटिंगच चाललेली. त्या दिवशी डोक्यात उजेड पडला की आपण वस्तू "कुठून काढायची" याचा विचार करून कपाटं लावतो, पण पसारा होतो तो ठेवताना. काढताना आपल्याला गरज असते, तेव्हा माणूस तीन डबे उचलून चौथा उघडेल. काम झाल्यावर मात्र हात काळे झालेत, कंबर दुखतेय, अशा वेळी तीन डबे उचलून पाना जागेवर कोण ठेवणार? तो बाकावरच राहतो, उद्या त्याच्या शेजारी पक्कड येते, परवा बाक दिसेनासा होतो.

म्हणून माझी एकच परीक्षा आहे. रोज लागणारी वस्तू एका हाताने, झाकण न उघडता, दोन-तीन सेकंदात जागेवर गेली पाहिजे. जात नसेल तर आळस तुमचा नाही, जागा चुकलीय.

आता सुरुवात कशी करायची. बरेच जण सांगतात की सगळं सामान बाहेर काढा, अंगणात मांडा, वर्गवारी करा वगैरे. मी केलंय ते, दुपारी चारपर्यंत उत्साह संपतो, संध्याकाळी सगळं होतं तसं आत कोंबावं लागतं आणि वर्षभर परत हिंमत होत नाही. त्यापेक्षा फक्त बाक रिकामा करा. बाकावरचं जे काही आहे ते दोन-तीन मोठ्या क्रेटमध्ये भरून कोपऱ्यात ठेवा, काही निवडू नका, काही लावू नका. मग रोजची कामं सुरू करा आणि क्रेटमधून जी वस्तू लागेल ती काढलीत की काम झाल्यावर तिला परत क्रेटमध्ये टाकायचं नाही, तिला तिथल्या तिथे जागा द्यायची, भिंतीवर खिळा मारून दिलीत तरी चालेल. महिनाभराने बघा, जे बाहेर आलं ते तुमचं खरं सामान, आणि जे क्रेटमध्ये पडून राहिलं त्याला वरचा माळा, किंवा दुसऱ्या कुणाला द्या, किंवा भंगार.

कारखान्यांत यासाठी जपानी लोकांची ५एस पद्धत वापरतात, सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके, म्हणजे नको ते काढा, जागा ठरवा, साफ करा, नियम बसवा आणि शिस्त पाळा. पद्धत चांगलीच आहे, पण घरी पाचवा एस कुणाच्या बापाला जमत नाही कारण डोक्यावर सुपरवायझर नसतो. म्हणून पहिल्या दोनांवरच जास्त जोर लावायचा.

भिंत. जमिनीवरची जागा कुणाकडेच नसते, भिंत सगळ्यांकडे असते. पेगबोर्ड, म्हणजे हुक अडकवायला ओळीने भोकं असलेला बोर्ड, लावायचा असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. बोर्ड थेट भिंतीला चिकटवून ठोकू नका, मागे पट्ट्या देऊन दीड-दोन सेंटीमीटर पोकळी सोडा नाहीतर हुक आत शिरणारच नाहीत. आणि ते हुक, देवा, हातोडी काढली की हुक पण हातात येतो. भोकाजवळ हॉट ग्लूचा एक ठिपका द्या किंवा झिप टायने बांधून टाका, हा त्रास संपतो. प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा मार्करने बोर्डवर काढून ठेवा, शाळेतल्या चित्रासारखं दिसतं खरं, पण रात्री लाईट बंद करायच्या आधी एक नजर टाकली की कळतं कुठली आकृती रिकामी आहे, म्हणजे कानस अजून कपाटामागे पडलीय.

हत्यारं जड असतील तर मला पेगबोर्डपेक्षा फ्रेंच क्लीट आवडते. प्लायची १८ मिलीमीटर जाडीची पट्टी घ्यायची, ती लांबीत ४५ अंशात तिरकी चिरून दोन पट्ट्या करायच्या. एक भिंतीला पक्की स्क्रूने बसवायची, तिरपी कड वरच्या बाजूला आणि उतार भिंतीकडे, म्हणजे पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये खाच तयार होते. दुसरी पट्टी उलटी करून कपाटाच्या किंवा हँगरच्या पाठीला लावायची आणि त्या खाचेत अडकवायची. वजन जितकं जास्त तितकी ती भिंतीकडे ओढली जाते. आणि मुख्य म्हणजे उद्या वाटलं की पटाशांचा हँगर डावीकडे हवा, तर उचला आणि सरकवा, नवीन भोक नाही. जागा बदलणं सोपं असलं की माणूस बदलतो, नाहीतर चुकीच्या जागेबरोबर दहा वर्षं संसार करतो. फक्त स्क्रू विटेत किंवा काँक्रीटमध्ये चांगल्या गट्टूसकट (भोकात बसवायची, स्क्रू धरून ठेवणारी खुंटी) जाऊ द्या, नुसत्या प्लॅस्टरच्या भरवशावर भिंतीवर वीस किलो टांगू नका.

काय कुठे टांगायचं याचं साधं गणित असं की बाकासमोर उभं राहून हात लांब केला की पोचतं तिथे रोजचं, म्हणजे मेजर टेप, पेन्सिल, गुण्या, दोन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, हातोडी. एक पाऊल टाकून मिळतं तिथे आठवड्याचं. स्टूल घेऊन चढावं लागतं तिथे वर्षातून दोनदा लागणारं, आणि जड मशीन मात्र कधीच वर नाही, ती कंबरेच्या खाली.

ड्रिल बिटांबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त शिव्या मी त्यांनाच घातल्यात. सेटबरोबर येणारी प्लॅस्टिकची डबी पहिल्या महिन्यात बिजागरीत तुटते आणि मग १ ते १० मिलीमीटरचे सगळे बिट एका डब्यात खडखडत राहतात, धारा एकमेकांवर घासतात, आणि साडेतीनचा आणि चारचा डोळ्याने ओळखून दाखवा बघू. मी सागाच्या एका उरलेल्या ठोकळ्यात भोकं पाडली, अर्ध्या-अर्ध्या मिलीमीटरच्या फरकाने १ ते १० म्हणजे १९ भोकं, खोली साधारण अडीच सेंटीमीटर. पहिल्यांदा चूक केली ती म्हणजे प्रत्येक भोक त्याच बिटने पाडलं, पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि बिट असे जाम झाले की पकडीने उपटायला लागले. आता भोक अर्धा मिलीमीटर मोठं पाडतो, बिट आपोआप खाली बसतो. भोकासमोर आकडा मार्करने लिहिलाय आणि ठोकळा बाकाला दहा-पंधरा अंश पुढे कललेला बसवलाय, आकडे बसल्या जागेवरून दिसतात. एक भोक रिकामं असेल तर ते पडलेल्या दाताच्या जागेसारखं दिसतं, ड्रिलच्या चकमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या तोंडात, बिट राहिलाय हे लगेच कळतं. अर्ध्या तासाचं काम आहे, यापेक्षा जास्त फायदा दुसऱ्या कशाने झालेला नाही.

स्क्रू, खिळे, नट, वायसर. इथे लोक दोन टोकाला जातात, एक तर सगळं एका डब्यात, नाहीतर चाळीस खणांचं ड्रॉवर आणि प्रत्येकाला प्रिंट केलेलं लेबल. चाळीस खणांचं मीही केलं होतं, दोन महिन्यांत बारा खण रिकामे आणि तीन खणांतून स्क्रू उतू जातायत. आता आठ-दहा पारदर्शक डबे आहेत, लाकडाचे स्क्रू छोटे, मध्यम, मोठे, मशीन स्क्रू (नट लागतो ते) एम३-एम४, म्हणजे ३-४ मिलीमीटर जाडीचे, एकत्र, एम५-एम६ एकत्र, खिळे, वायसर, गट्टू, विजेचं सामान. डबा उघडून पाच सेकंद चाळवलं की मिळतो, तेवढं पुरे. लेबलपेक्षा भारी उपाय म्हणजे डब्याच्या बाहेर त्यातलाच एक स्क्रू टेपने चिकटवून टाका, वाचावं लागत नाही. आणि एक डबा "कशाचा तरी" म्हणून ठेवाच, तो माणसाचा हक्क आहे, पण एकच, आणि तो भरला की पुढचा स्क्रू टाकायच्या आधी निवडायला बसायचं.

जमिनीवर स्क्रू सांडले तर लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवा, सगळे चिकटले की पिशवी उलटी करा, चुंबक बाहेर आणि स्क्रू आत. पितळेचे आणि बरेचसे स्टेनलेसचे चिकटत नाहीत, ते मागे राहतात, म्हणजे निवडायचं अर्धं कामही झालं.

लाकडाचे तुकडे हा खरा शत्रू. "लागेल कधीतरी" हे वाक्य वर्कशॉप गिळतं. माझा नियम, एका वितीपेक्षा लहान तुकडा आणि तो साधा प्लाय किंवा एमडीएफ (लाकडाच्या धाग्यांचा दाबून केलेला बोर्ड) असेल तर बाहेर, चांगलं टणक लाकूड असेल तरच थांबतो. उरलेले एका उंच डब्यात उभे ठेवतो, आडवे रचले की खालचा कधीच निघत नाही. प्रत्येकावर पेन्सिलने महिना आणि वर्ष टाकतो, वर्ष उलटून गेलं की निर्णय तारखेने घेतलेला असतो, मी घेतलेला नसतो, त्यामुळे मनाला कमी लागतं. मोठ्या शीट उभ्या ठेवताना जवळजवळ सरळ उभ्या करा, तिरक्या टेकवल्या की पोट काढतात. फळ्या आडव्याच, खाली तीन-चार ठिकाणी आधार देऊन.

रंग, थिनर, तेल यांच्या बाबतीत मी मस्करी करत नाही. थिनर पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवायचं नाही म्हणजे नाही, मूळ डब्यातच, बूच घट्ट, मुलांच्या हाताबाहेर, चार्जर आणि ज्योतीपासून लांब. जवसाच्या तेलाने लाकडाला पॉलिश केलंत तर ती फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं, बोळ्यात ती उष्णता अडकते आणि फडकं काडी न लावता पेटू शकतं. बाहेर मोकळ्या हवेत एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

लिथियम बॅटऱ्या महिनोन्महिने वापरायच्या नसतील तर साधारण अर्ध्या चार्जवर, थंड कोरड्या जागी ठेवा. चार्जरची जागा वेगळी, खाली लाकडाचा भुसा नाही, वर कापड नाही. गुंडाळीची एक्स्टेंशन केबल असेल तर मोठं मशीन चालवताना ती पूर्ण सोडवा, गुंडाळलेली केबल आतल्या आत तापते.

धूळ. झाडूने भरभर झाडलं की जाड भुसा खाली राहतो आणि बारीक धूळ नाकात जाते, आणि बारीकच वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला गट १ मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकलंय, त्यामुळे "थोडीशीच तर आहे" म्हणू नका. व्हॅक्यूम असेल तर उत्तम, करवतीला किंवा सँडरला (लाकूड घासायच्या मशीनला) थेट जोडता आला तर आणखी उत्तम. नसेल तर एन९५ मास्क, खिडकी उघडी, आणि शेवटी ओलं फडकं. फडकं लाकडाला चालतं पण लोखंडाला नाही हे सांगायला नको, तरी सांगतो, कारण मी रंध्याच्या तळावर फिरवलंय.

गंजाचं म्हणाल तर एक मोठं कारण घामाचे हात. काम संपलं की तेलाचा हलका हात लावलेलं फडकं पटाशी, रंधा, करवत यांच्यावरून फिरवायचं, ते फडकं भिंतीवरच एका हुकाला लटकवा, डब्यात ठेवलंत तर विसराल. इथे साधं मशीन ऑइल वापरा, ते जवसाच्या तेलासारखं वाळत नाही. बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, बूट आणि बॅगांबरोबर येतात त्याच.

शेवटची गोष्ट अर्धवट कामांची, कारण ती ना आवरलेली असतात ना पसरलेली. उघडलेला पंखा, अर्धा चिकटवलेला स्टूल, हे बाकावर महिनाभर बसून राहतं आणि बाकीचं सगळं त्याच्याभोवती साचतं. मी चार सारखे उथळ ट्रे ठेवलेत. एक काम, एक ट्रे, त्याचे स्क्रू, त्याचे भाग, सगळं त्यातच, आणि थांबायच्या आधी एका चिठ्ठीवर पुढची स्टेप लिहून टाकतो. चारही ट्रे भरले की पाचवं काम उघडायचं नाही. मागे एक टेबल पंखा तीन आठवडे ट्रेमध्ये पडला होता, परत उघडला तेव्हा मला काहीच आठवत नव्हतं, पण चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "निळी वायर सोडू नकोस, कपॅसिटर आधी, छोटा वायसर पात्याच्या आतल्या बाजूला", आणि वायसर ट्रेच्या कोपऱ्यात होता.