एल आकाराच्या कौलारू घराचे छप्पर स्केचअपमध्ये उभारताना

स्केचअप या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोकणातल्या घराचे मॉडेल करायला बसले की भिंती, दारे आणि खिडक्या एका संध्याकाळी उभ्या राहतात. काम अडते ते छपरापाशी. साधे दुपाखी छप्पर कोणालाही जमते. परंतु मुख्य घर चौपाखी, त्याला मागे काटकोनात जोडलेले स्वयंपाकघर आणि पुढे पडवी अशी रचना असली, की पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, एकमेकांत घुसतात, मध्ये फटी राहतात आणि आढे, म्हणजे छपराची सर्वांत वरची आडवी कड, कुठे संपवायचे तेच कळेनासे होते. माझ्या अनुभवात याचे कारण सॉफ्टवेअर नसते, कामाचा क्रम असतो. आपण उतरती पाखी थेट हवेत काढू लागतो. त्याऐवजी छप्पर वरून जसे दिसते तसे आधी सपाट काढून घेतले, तर निम्म्याहून अधिक काम तिथेच संपते.

उदाहरणासाठी एक घर घेऊ. मुख्य घर 12 मीटर लांब आणि 7 मीटर रुंद आहे. त्याच्या मागे, डाव्या भिंतीच्या रेषेतच पुढे गेलेले, 5 मीटर रुंद आणि 4 मीटर लांब स्वयंपाकघर आहे. भिंतींची उंची 3.4 मीटर, सर्व पाख्यांचा उतार 30 अंश आणि छप्पर भिंतीबाहेर सगळीकडे 60 सेंटिमीटर आलेले आहे. मुख्य घराच्या दोन्ही टोकांना उतरती पाखी आहेत. स्वयंपाकघराच्या मागच्या टोकाला मात्र त्रिकोणी भिंत आहे. मॉडेलचे एकक मीटर ठेवावे आणि भिंतींचा आधीच ग्रुप करून घ्यावा, म्हणजे छपराच्या रेषा भिंतींना चिकटणार नाहीत.

पहिला हिशेब उंचीचा आहे आणि तो टाळता येत नाही. 30 अंशांच्या उतारावर आडव्या एका मीटरला 0.577 मीटर चढ मिळतो. छप्पर भिंतीबाहेर 60 सेंटिमीटर येते, म्हणून वळचणीची कड भिंतीच्या माथ्यापेक्षा 0.346 मीटर खाली, म्हणजे जमिनीपासून 3.054 मीटरवर येते. छपराचा सपाट आराखडा याच पातळीवर काढावा. तो भिंतीच्या माथ्यावर, 3.4 मीटरवर काढला तर पाखी बिनचूक जुळतात, उतारही बरोबर येतो, पण सगळे छप्पर भिंतीपासून सुमारे साडेचौतीस सेंटिमीटर वर तरंगत राहते. ही चूक लांबून पाहताना लक्षातही येत नाही.

या पातळीवर घराच्या बाह्यरेषेचा एल आकार काढून ऑफसेट साधनाने तो 0.6 मीटर बाहेर न्यावा आणि आतली मूळ रेषा पुसून टाकावी. आता मुख्य आढे काढायचे. ते पुढच्या वळचणीपासून 4.1 मीटर आत असते आणि दोन्ही टोकांना कडेपासून तेवढेच आत थांबते, म्हणून त्याची लांबी बरोबर 5 मीटर भरते. उतार सगळीकडे सारखा असेल आणि कोपरे काटकोनी असतील, तर कोपऱ्यातून निघणारी प्रत्येक रेष वरून पाहताना 45 अंशांतच जाते. पुढच्या दोन आणि मागच्या उजव्या कोपऱ्यातून अशा रेषा आढ्याच्या टोकांपर्यंत न्याव्यात. प्रोट्रॅक्टरने 45 अंशांची मार्गदर्शक रेष टाकून त्यावरून काढले तर हात चुकत नाही.

स्वयंपाकघराचे आढे डाव्या कडेपासून 3.1 मीटरवर येते. ते मागच्या त्रिकोणी टोकापासून निघून मुख्य घरात कुठवर घुसते, हा या छपराचा खरा प्रश्न आहे. दोन्ही वास्तू जिथे आतल्या बाजूने मिळतात त्या कोपऱ्यातून 45 अंशांची रेष आत न्यावी. ही पन्हळ, म्हणजे पावसाळ्यात दोन पाख्यांचे पाणी एकत्र वाहून नेणारी घळ. ती 3.1 मीटर आत गेल्यावर स्वयंपाकघराच्या आढ्याला भेटते. त्याच बिंदूपासून पुढे आणखी एक 45 अंशांची रेष मुख्य आढ्याच्या डाव्या टोकाला जाते. आढे, पन्हळ आणि ही नवी धार असे तिन्ही या एका बिंदूत एकत्र येतात. दोन्ही इमारतींची डावी भिंत एकाच रेषेत आहे, म्हणून डावीकडचे पाखे पुढच्या कोपऱ्यापासून मागच्या टोकापर्यंत अखंड एकच राहते. तिथे मध्ये रेष ओढण्याचा मोह होतो, पण ती रेष चुकीची असते. सगळे मोजले तर छपराला पाचच पाखी आहेत.

आता उचलण्याचे काम. लाइन साधन घेऊन मुख्य आढ्याच्या दोन्ही टोकांवर 2.367 मीटरची, आणि तिहेरी बिंदूवर व मागच्या त्रिकोणी टोकावर 1.790 मीटरची उभी रेष काढावी. कीबोर्डवरचा वरचा बाण दाबला की रेष निळ्या, म्हणजे उभ्या अक्षावर अडकते. मग आकडा टाइप करून एंटर दाबावे. या चार शेंड्यांना आराखड्याप्रमाणे एकमेकांशी आणि वळचणीच्या कोपऱ्यांशी जोडत गेले, की प्रत्येक पाख्याची कड पूर्ण होताच पृष्ठभाग आपोआप भरतो. एखादा भरला नाही तर तिथे त्रिकोण पाडून तो बळजबरीने भरू नये. त्याच्या कडेचे सगळे बिंदू एका प्रतलात नाहीत, एखादी उंची किंवा जागा चुकली आहे, एवढेच सॉफ्टवेअर आपल्याला दाखवत असते. चूक शोधून ती कड पुन्हा काढावी. शेवटी वळचणीच्या कडा ठेवून उभ्या रेषा आणि बाकीचा सपाट आराखडा पुसून छपराचा ग्रुप करावा.

दोन भागांचे उतार वेगळे असतील तर पन्हळ 45 अंशांत जात नाही. तेव्हा स्वयंपाकघराची पाखी मुख्य छपराच्या आरपार लांबवून इंटरसेक्ट फेसेस ही पृष्ठभाग छेदतात तिथे कड काढणारी आज्ञा चालवावी आणि आत राहिलेले तुकडे काढून टाकावेत. जाडी देताना प्रत्येक पाखे पुशपुलने वेगळे उचलू नये, कारण मग आढ्यावर फट पडते आणि पन्हळीत पाखी एकमेकांत घुसतात. सगळ्या छपराची प्रत उभ्या दिशेने 15 सेंटिमीटर वर नेऊन कडा उभ्या बंद केल्या की पुरते.

पडवीसाठी थोडे थांबावे लागते. माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये भिंत 3 मीटर होती. तिच्या छपराखाली 25 अंशांचे पडवीचे पाखे बसवले, ते भिंतीवर 2.7 मीटरपासून निघाले आणि 2 मीटर पडवी अधिक 45 सेंटिमीटर पुढे आलेली कड ओलांडेपर्यंत 1.14 मीटर उतरले. पडवीची वळचण 1.56 मीटरवर आली. माणसाला वाकूनच आत यावे लागले असते. म्हणून भिंत 3.4 मीटर केली आणि पडवीचे पाखे 3.1 मीटरपासून काढले. कड 1.96 मीटरवर आली, पडवीची जमीन घरापेक्षा 15 सेंटिमीटर खाली घेतल्याने डोक्यावर 2.11 मीटर मोकळे राहिले, आणि मुख्य वळचण व पडवीचे छप्पर यांच्यात सुमारे 23 सेंटिमीटरचे अंतर उरले. भिंतीची उंची पडवी ठरवते, हे मला कागदावर कधी इतके स्पष्ट दिसले नव्हते.

पडताळणीसाठी जाडी देण्यापूर्वीच पाचही पाखी निवडून एंटिटी इन्फोमध्ये क्षेत्रफळ पाहावे. वरून दिसणारे क्षेत्र 133.04 चौरस मीटर आहे. त्याला 30 अंशांच्या कोसाइनने, म्हणजे 0.866 ने भागले की 153.6 येते. मॉडेलमधला आकडा याच्याशी जुळला नाही तर कुठेतरी पाखे दुहेरी आहे किंवा उतार बदलला आहे. मंगळुरी कौले चौरस मीटरला साधारण 15 लागतात, त्यामुळे पडवी वगळून सुमारे 2300 कौले, वर फुटीसाठी थोडी जास्त, असा अंदाज इथेच मिळतो. कौलांचे टेक्स्चर देताना त्याचे माप खऱ्या कौलाएवढे ठेवावे आणि प्रत्येक पाख्यावर ओळी वळचणीला समांतर फिरवून घ्याव्यात. पन्हळीची रेषही मोजून ठेवावी, ती 4.74 मीटर भरते, आणि पन्हळीचा पत्रा आणायला जाताना सुताराला नेमका तोच आकडा हवा असतो.