शीआनच्या एका दिवसाच्या सहलीची तयारी

चीनमधल्या शीआनला गाइडसोबतची एका दिवसाची सहल म्हणजे साधारणपणे सकाळी पहिल्या चिनी सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेले मातीचे सैनिक, दुपारी ह्युएनत्संगाचा पॅगोडा आणि ऊन उतरल्यावर जुन्या शहराची तटबंदी. दिवस गच्च भरलेला असतो आणि त्यातला बराचसा वेळ रांगेत, बसमध्ये किंवा दुकानात जाऊ शकतो. तो वाचवायचा असेल तर तयारी मुंबई-पुण्यातूनच निघाली पाहिजे.

पहिला पासपोर्ट. झेरॉक्स नव्हे, मूळ पासपोर्ट अंगावर हवा, कारण तिकिटं पासपोर्टच्या नंबरावर निघतात आणि दारावर तोच बघतात. टूरवाल्याला नाव कळवताना पासपोर्टवर आहे तसंच कळवा. आपल्याकडे नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं; पासपोर्टवर ते असेल तर इथेही लिहायचं, नसेल तर भर घालायची नाही. तारीख ठरवताना १ ऑक्टोबरपासूनचा सुट्ट्यांचा आठवडा आणि मे महिन्याची सुरुवात टाळा. त्या दिवसांत अख्खा चीन फिरायला निघालेला असतो.

पैशांचं काम घरीच उरकायचं. तिथे भाजीवालासुद्धा फोनवर पैसे घेतो, त्यामुळे अलीपे किंवा वीचॅट हे चिनी ॲप इथेच उतरवून त्याला व्हिसा अथवा मास्टरकार्ड जोडून ठेवा. ओटीपी आपल्या सिमवर येतो, म्हणून हे विमानतळावर उतरल्यावर करण्याचं काम नाही. कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून सुरू केला आहे ना, तेही बघा. बहुतेकांचा बंद असतो. शंभरेक युआन सुटे खिशात असू द्या. तिथल्या सिमवर आणि हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप आणि गूगल चालत नाही, भारतातून घेतलेल्या रोमिंगवर सहसा चालतं. तरी गाइडशी बोलणं वीचॅटवरच होणार असं धरून चाला आणि चिनी भाषांतराचं ऑफलाइन पॅक उतरवून ठेवा.

आता टूरवाल्याला विचारायचे प्रश्न, आणि हे लेखी विचारा. वाटेत दुकानांचे थांबे किती? जेड, रेशीम आणि सैनिकांच्या प्रतिकृती बनवणारा कारखाना, यांत सकाळचा तासभर सहज जातो. स्वस्त सहल स्वस्त का असते, त्याचं उत्तर बहुधा इथेच सापडतं. थोडे जास्त पैसे मोजून ‘खरेदी नाही’ असं लिहिलेली सहल घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरा प्रश्न ब्राँझच्या रथांचा. १९८० साली सापडलेले हे दोन रथ खऱ्याच्या निम्म्या आकाराचे, पण कारागिरीत सैनिकांपेक्षा सरस. आता ते सैनिकांच्या खड्ड्यांजवळ नाहीत, सम्राटाच्या कबरीच्या आवारातल्या वेगळ्या संग्रहालयात आहेत. घाईतला गाइड नेमकं तेच गाळतो. तिसरा प्रश्न, पॅगोड्यावर चढायचं तिकीट धरलं आहे का? आवाराचं आणि चढण्याचं तिकीट वेगळं असतं.

थोडं वाचून गेलात तर गाइडची टकळी कुठे थांबवायची ते कळतं. १९७४ मध्ये शीआनजवळच्या लिंतोंगपाशी शेतकरी विहीर खणत होते आणि मातीचं डोकं वर आलं. पहिल्या चिनी सम्राटाचं, छिन शी ह्वांगचं, हे सैन्य. तो इ.स.पू. २१० मध्ये वारला, आणि त्याची मुख्य कबर अजूनही उघडलेली नाही. सर्वांत मोठा खड्डा, क्रमांक एकचा, सुमारे २३० मीटर लांब आहे आणि सैनिक कठड्यापासून बरेच खाली उभे आहेत. म्हणून छोटी दुर्बीण घ्या; लोक कॅमेरा आठवणीने नेतात आणि हीच विसरतात. गुडघा टेकून बसलेला धनुर्धारी मात्र काचेमागे जवळून दिसतो. त्याच्या मागच्या बाजूला जाऊन बुटाचा तळवा पाहा: शिवणीचे टाके मातीत एकेक करून उठवले आहेत.

पॅगोडा आपल्याला जवळचा. इ.स. ६४१ च्या सुमारास ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात फिरला. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं. भारतातून नेलेले ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून ६५२ मध्ये हा पॅगोडा बांधला गेला. गाइडला हे सांगून बघा, बहुतेक वेळा तो खूश होतो.

पोटाचं बघायचं तर शीआन हे मटण आणि नूडल्सचं गाव. शाकाहारी असाल तर ‘मांस, मासे, अंडी नको, मांसाचं पाणीही नको’ एवढं हॉटेलच्या काउंटरवर चिनी लिपीत लिहून घ्या. नुसतं ‘नो मीट’ म्हटलं तर सूप हाडांचंच येतं. लियांगपी नावाच्या थंड नूडल्सच्या पट्ट्या बहुधा चालतात, तिखट तेल आणि व्हिनेगर घातलेल्या. तरी पिशवीत तिखटामिठाच्या पुऱ्या असू द्या. टिश्यू पेपर हवाच, स्वच्छतागृहात तो असेलच असं नाही. रिकामा थर्मास न्या, गरम पाणी जागोजाग मिळतं.

बूट वापरलेले, पकड असलेले. तटबंदी मिंग राजघराण्याच्या काळातली, वरचा पूर्ण फेरा सुमारे १३.७ किलोमीटरचा, आणि वर भाड्याने सायकली मिळतात. विटांचा रस्ता खडबडीत असल्याने कंबर दुखणाऱ्यांनी पूर्ण फेऱ्याचा हट्ट धरू नये. दक्षिण दरवाजातून चढून एका बाजूचा तुकडा पुरे. सायकल दुसऱ्या दरवाजाशी परत करता येईल का, आणि बस तिथे घ्यायला येईल का, हे गाइडला वर चढण्याआधीच विचारून घ्या.