ताकदीचं चूर्ण आणि खनिजांच्या गोळ्या: सुरू करायच्या तर कोणत्या क्रमानं?

हिवाळा लागला की सातपुड्याच्या पायथ्याचा कुठलाही आठवडे बाजार घ्या, धडगाव असो, चोपडा असो की रावेर, काष्ठौषधीवाल्यांच्या पथाऱ्या वाढलेल्या दिसतात. गोणपाटावर हिरडा, बेहडा, शतावरीच्या मुळ्या, सफेद मुसळी, शिलाजिताचे काळे खडे. शेजारी नाव-गाव नसलेल्या चूर्णाच्या पुड्या. "हाई लई जा दादा, अंगात ताकद येस." पुडी घरी येते, तेव्हा फडताळात मेडिकलमधली कॅल्शियमची डबी असतेच, कोणा नातेवाइकानं दिलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्याही असतात. मग सगळं एकदमच सुरू होतं. महिन्याभरानं बरं वाटलं किंवा पोट बिघडलं, तर ते कशानं हे कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी तपासणी, मग ताट, मग एकच वनस्पती. खनिजं गरज दिसली तरच, आणि भस्मं, म्हणजे धातू-खनिजं जाळून केलेली औषधं, वैद्याशिवाय कधीच नाहीत.

आधी रक्त तपासून घ्या

थकवा, चक्कर, पिंडऱ्या भरून येणं, केस गळणं यांची कारणं अनेक असतात. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, ही साधी तपासणी असून हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रातही तपासून मिळतं. १०० मिलिलिटर रक्तात गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली आणि गरोदर स्त्रीचं ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये तो आढळला. त्यामुळे घरातल्या बाईचा थकवा "कामाचा शीण" म्हणून सोडून देऊ नका.

खान्देशात यापुढे आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो, तो सिकलसेलचा. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः भिल्ल आणि पावरा समाजांत, हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून हिमोग्लोबिन उतरतं, शरीरात लोह कमी असेलच असं नाही. वरचेवर रक्त चढवावं लागणाऱ्या रुग्णाच्या शरीरात तर लोह साठत जातं. अशा माणसाला "रक्त वाढतं" म्हणून लोहाच्या गोळ्या किंवा लोहभस्म दिलं, तर फायदा दूरच, यकृतावर आणि हृदयावर भार पडतो. कुटुंबात कोणाला सांधे धरणं, वारंवार कावीळ, अचानक उठणाऱ्या तीव्र वेदना असा त्रास असेल, तर सिकलसेलची तपासणी आधी आणि लोह नंतर.

घर शाकाहारी असेल तर बी-१२ सुद्धा तपासा. मुंग्या येणं, विसरभोळेपणा, जीभ लाल होणं ही त्याची लक्षणं. अश्वगंधा घ्या की शतावरी, बी-१२ ची उणीव कुठल्याही वनस्पतीनं भरत नाही. ती दुधातून, अंड्यातून, मांस-मासळीतून किंवा गोळी-इंजेक्शनातूनच भरते. थायरॉईड आणि साखरही याच वेळी पाहून घ्या.

मग ताटाकडे बघा

खान्देशी जेवणात जमेच्या गोष्टी भरपूर आहेत. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असतं. शेवग्याच्या १०० ग्रॅम ताज्या पाल्यात ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, नागलीत त्याहून थोडं जास्त. तिळात तर १०० ग्रॅमला बाराशेच्या पुढे, म्हणजे भाकरीवर भरपूर तीळ थापले तरी हिशेबात फरक पडतो. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं १००० मिलिग्रॅम कॅल्शियम. लोह पुरुषाला १९ आणि स्त्रीला २९ मिलिग्रॅम लागतं.

अडचण शोषणाची असते. धान्यातलं लोह अंगाला थोडंच लागतं आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर त्याहूनही कमी. चहा तासभर मागे ढकला, भाजीवर लिंबू पिळा, मोसमात ताजा आवळा ठेवा. पातळ भाजी, वरण लोखंडी कढईत करा, फक्त आंबट पदार्थ तिच्यात ठेवून देऊ नका. एवढं दोन महिने केलं तरी अनेकांना चूर्णाची गरज वाटत नाही.

वनस्पती एकच निवडा

ताकदीसाठी म्हणून सात-आठ वनस्पतींचं मिश्रण घेणं मला अजिबात पटत नाही. एक निवडा, सहा ते आठ आठवडे घ्या, काय फरक पडतो ते वहीत लिहा.

झोप नीट लागत नाही, अंगात कस नाही, अशा तक्रारीला अश्वगंधा देतात. औषधी ग्रंथांत चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम आहे. सुरुवात एक-दीड ग्रॅमनं, रात्री दुधाबरोबर. ती उष्ण मानली जाते, म्हणून आमच्याकडे ती थंडीतच घेण्याची रीत आहे. ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात ती सुरू करायची घाई कशाला? चांगली मुळी मोडली की आत पांढरट, पिठाळ दिसते. गरोदर स्त्रियांनी, थायरॉईडची किंवा झोपेची गोळी घेणाऱ्यांनी आणि यकृताचा त्रास असलेल्यांनी ती आपल्या मनानं घेऊ नये. अश्वगंधेनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि डेन्मार्कनं २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली.

गुळवेल कोरोनाकाळात घरोघर उकळली गेली. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गफलत होऊ नये असं सांगितलं. ओळख अशी: आपल्या गुळवेलीच्या खोडावरची साल कागदासारखी पातळ सुटते, पान हृदयाच्या आकाराचं असतं. खोडावर चामखिळीसारखे दाट उंचवटे असतील तर ती वेल तोडू नका. संधिवातासारखे प्रतिकारशक्तीशी निगडित आजार असतील तर गुळवेल आणि अश्वगंधा दोन्ही टाळा.

शतावरी बहुतेकांना सोसते, पण जड आहे, भूक मंद असेल तर पोट फुगवते. ज्येष्ठमध घशाला छान, पण रोज घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. बीपीच्या माणसानं ते लांबच ठेवावं. सफेद मुसळीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ती महाग आहे, तिच्यात शतावरीच्या मुळ्यांची भेसळ होते, आणि सातपुड्याच्या जंगलातून ती बेसुमार खणली गेली आहे. घ्यायचीच तर लागवड करणाऱ्या शेतकऱ्याकडून घ्या.

त्रिफळा घरी करा

मिश्रणांत अपवाद एकच, त्रिफळा. त्याची हिरडा, बेहडा, आवळा ही तीन फळं आणा आणि चूर्ण घरी करा. अख्खं फळ डोळ्यांनी ओळखता येतं, दळलेली पूड ओळखता येत नाही.

हिरडा पिवळसर तपकिरी, लांबट आणि पाच कंगोऱ्यांचा हवा. बाळहिरडा वेगळा, तो छोटा आणि काळा असतो, तो इथे चालणार नाही. फळ हातात जड लागावं. चांगला हिरडा पाण्यात बुडतो, ही जुनी परीक्षा आजही उपयोगी आहे. बेहडा गोलसर, राखाडी तपकिरी, हात फिरवला तर मखमली लागतो. बारीक छिद्रं दिसली की कीड आहे, बाजूला काढा. आवळकाठी मात्र विकत घेण्यापेक्षा घरी वाळवा. नोव्हेंबरनंतर ताजे आवळे मिळतात. फोडी करून, बी काढून, पातळ कापडाखाली कडकडीत वाजेपर्यंत वाळवायच्या. आपल्याकडच्या उन्हात वेळ लागत नाही.

आता हिरडा आणि बेहडा खलबत्त्यात ठेचून बी वेगळी करा. वरचं टरफल तेवढं घ्यायचं. बेहड्याची बी फोडून आतला गर मुलं खातात आणि मग त्यांना गुंगी येते, उलट्या होतात. म्हणून बिया लगेच लांब टाका, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

वजन बिया काढल्यानंतर करायचं. तिन्ही समभाग, समजा शंभर-शंभर ग्रॅम. बियांसकट वजन केलं तर प्रमाण चुकतं, आणि घरच्या त्रिफळ्यात हीच चूक नेहमी होते. आधी भरड, मग मिक्सरमधून बारीक, शेवटी वस्त्रगाळ. जुन्या सुती धोतराचा किंवा ओढणीचा तुकडा भांड्यावर ताणून बांधा आणि पूड वरून हलक्या हातानं फिरवा. खाली उतरेल तेच चूर्ण, वर उरलेली चरी पुन्हा दळा. नीट वस्त्रगाळ झालेलं चूर्ण बोटांत चोळलं तर कण लागत नाहीत. कोरड्या काचेच्या बरणीत भरा, तारीख लिहून चिकटवा आणि पावसाळ्यात ओला चमचा घालू नका. सहा महिन्यांत संपेल एवढंच करा.

मात्रा: रात्री झोपताना सपाट अर्धा चमचा, म्हणजे दीड-दोन ग्रॅम, कोमट पाण्याबरोबर. आठवडाभरानं पोट पाहून थोडं वाढवा. जुलाब झाले तर कमी करा. गरोदरपणात हिरडा वर्ज्य आहे, म्हणून त्रिफळाही नको. अतिसार असताना किंवा फार अशक्तपणा असतानाही नको.

भस्मं आणि खनिजं

लोहभस्म, मंडूर, प्रवाळपिष्टी, शंखभस्म, अभ्रक. रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदाच्या धातू-खनिजांच्या शाखेत, यांच्या शोधन-मारणाच्या (शुद्ध करून जाळण्याच्या) बारीक पद्धती सांगितल्या आहेत. तयार भस्म पाण्यावर तरंगलं पाहिजे, ते वारितर. बोटांच्या रेषांत शिरलं पाहिजे, ते रेखापूर्ण. या परीक्षा भस्म किती बारीक आणि किती सिद्ध झालं ते सांगतात. त्यात शिसं किंवा आर्सेनिक किती आहे हे प्रयोगशाळेतच कळतं. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. नागभस्म शिशाचं असतं आणि मकरध्वजात पारा असतो, हे वैद्याला माहीत असतं, पुडी विकणाऱ्यानं ते सांगितलेलं नसतं. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर घाव घालतं. "ताकदीसाठी" म्हणून मुलाला भस्म चाटवू नका, पदवीधर वैद्यानं पाहून, लिहून दिल्याशिवाय तर नाहीच.

सांधेदुखीच्या बेनामी पुड्यांपासूनही दूर राहा. दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले, भूक अफाट वाढली, चेहरा गोल फुगला, तर चूर्णात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता आहे. अशा वेळी पुडी घेऊन थेट डॉक्टरकडे जा. एकदम बंद केलं तरी धोका असतो, म्हणून तेही डॉक्टरच्या सांगण्यावरून.

डबी घेताना लेबल वाचा. आयुर्वेदिक औषधावर परवाना क्रमांक, घटकांची यादी, बॅच आणि तारखा असाव्यात. "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" असं छापलेलं असेल तर आत विषारी वर्गातला घटक आहे, असं समजा. त्याऐवजी १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक असेल तर ते अन्नपूरक आहे, औषध नव्हे. मधुमेह मुळापासून बरा करतो अशी जाहिरात १९५४ च्या कायद्यानं निषिद्ध आहे. तसा दावा दिसला की ती डबी खाली ठेवा.

लोहाची गोळी मात्र गरज असेल तेव्हा घेणं कमीपणाचं मानू नका. सरकारी कार्यक्रमात मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अॅसिड असतं, किशोरवयीन मुलींना ती आठवड्यातून एकदा आणि गरोदर स्त्रियांना रोज देतात. शौचाला काळं होणं सामान्य आहे. मळमळलं तर रात्री जेवणानंतर घ्या. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर नको, दोघींत किमान दोन तास ठेवा. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यानं लोह आणि कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी घ्यावं.

वहीत लिहा, पुन्हा तपासा

कोणतं चूर्ण, किती, कधीपासून, हे एका पानावर लिहा आणि डॉक्टरकडे जाताना ते पान न्या. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना गुळवेल किंवा मेथी वाढवली तर साखर जास्त उतरू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर सगळी चूर्णं सांगायलाच हवीत, अगदी "घरचंच आहे" असं वाटणारंसुद्धा. लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज, अन्नावरची वासना गेली, यातलं काही दिसलं की सगळं बंद करा आणि यकृताची तपासणी करा.

रक्तक्षयासाठी लोह सुरू केलं असेल तर महिन्यानं हिमोग्लोबिन पुन्हा पाहा. ते निदान १ ग्रॅमनं वाढायला हवं. वाढलं नाही तर गोळी नीट घेतली जात नाही, पाळीत किंवा मूळव्याधीतून रक्त जातंय, पोटात जंत आहेत, नाहीतर मूळ आजार सिकलसेल किंवा थॅलेसेमिया आहे. मात्रा दुप्पट करण्याआधी यातलं काय आहे ते शोधायला डॉक्टरकडे जा, आणि वाढलं असेल तर साठा भरेपर्यंत गोळ्या पुढे किती महिने घ्यायच्या तेही त्यांनाच विचारून घ्या.