हिमनद्यांच्या किनाऱ्याचा नकाशा काढताना या चुका टाळा

महापे किंवा ऐरोलीच्या जीआयएस (संगणकावर नकाशे तयार करण्याच्या) कार्यालयात बसून आग्नेय अलास्काचा नकाशा काढणाऱ्याची मुख्य अडचण ही असते, की त्याचा हात सह्याद्रीवर बसलेला असतो. येऊरच्या डोंगराची कंटूर रेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा) जुन्या नकाशावरून उचलली तरी बहुधा चालून जाते. हिमनदीवरची मात्र चालत नाही, कारण तिथे मोजलेली असते ती बर्फाच्या पृष्ठभागाची उंची, आणि बर्फ वितळतो. अलास्कातीलच कोलंबिया हिमनदी 1980 च्या दशकापासून 20 किलोमीटरहून अधिक मागे हटली असून, जुन्या नकाशात जिथे बर्फावरच्या कंटूर रेषा आहेत तिथे आज समुद्र आहे.

त्यामुळे वेगवेगळ्या काळातील उंचीचा डेटा एकाच शीटमध्ये तारीख न नोंदवता जोडणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. एसआरटीएमचा (स्पेस शटलवरील रडारने मोजलेल्या जमिनीच्या उंचीचा) डेटा फेब्रुवारी 2000 मधील आहे, तर आर्क्टिकडीईएम (उत्तर ध्रुवाकडील भागाच्या उंचीचा डेटा) त्यानंतरच्या उपग्रहचित्रांतून तयार झाले. दोन्ही जोडले की आग्नेय अलास्कातील ग्लेशियर बेसारख्या हिमनद्यांच्या भागात सांध्यावर पायरी दिसते आणि नवखा माणूस ती घासून गुळगुळीत करतो. तसे करण्याआधी उघड्या, स्थिर खडकावर दोन्हींची उंची ताडून पाहावी. तिथे जुळत असेल तर बर्फावरची पायरी बहुधा खरी घट दाखवते (रडार कोरड्या बर्फात काही मीटर आत शिरते, तेवढे गृहीत धरावे), आणि खडकावरही सारखाच फरक येत असेल तर दोष डेटमचा, म्हणजे उंची ज्या पातळीपासून मोजली त्या पातळीचा आहे. एसआरटीएमची उंची जिऑइडपासून (साधारण सरासरी समुद्रपातळीपासून), तर आर्क्टिकडीईएमची इलिप्सॉइडपासून (पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून) मोजलेली असते. नवी मुंबईत हा फरक 60 मीटरहून अधिक असल्याने वाशीची खाडी उणे साठच्याही खाली दिसते आणि चूक लगेच पकडली जाते. तिकडे तो त्या मानाने लहान असल्याने बर्फाची घट म्हणून सहज खपून जातो.

पावसाळी ओढ्यांसाठी आपण सवयीने वापरतो ते ‘फिल सिंक्स’ (उंचीच्या डेटातील खळगे भरून टाकणारे साधन) इथे जपून वापरावे. हिमनदीने कोरलेले खळगे आणि त्यांतली तळी खरीच असतात. ती भरून टाकणे म्हणजे भूरूपच पुसणे. मुख्य दरीच्या बरेच वर संपणारी लोंबती दरीसुद्धा चूक समजून ‘दुरुस्त’ करू नये.

दगडगोट्यांनी झाकलेला बर्फ रंगावरून जमीन वाटतो. तिथे उतार आणि दोन तारखांमधील हालचाल पाहावी. किनारारेषा चित्राच्या वेळच्या पाण्यावरून न आखता ठरलेल्या भरतीपातळीवरून आखावी आणि हिमनदीच्या समुद्रातील कड्याला स्वतंत्र तारीख द्यावी.