धरणाकाठच्या डेऱ्यावरची मुलं: दिवाळीआधीची तयारी

मासेमारीसाठी काही महिने गाव सोडून धरणाकाठी डेरा टाकणाऱ्या कुटुंबांची ही मुलं. मागच्या हंगामात ती काठावरच्या शाळेत बसली, पण परतीचा कागद राहिला आणि त्यांची सगळी हजेरी वाया गेली. म्हणून तो कागद सगळ्यात आधी: शिक्षण हमी पत्रक, म्हणजे स्थलांतरात मुलाचं शिक्षण एका शाळेतून दुसरीत चालू ठेवणारा कागद. ते दोनदा लागतं. गाव सोडताना मूळ शाळेकडून, डेरा उठताना काठावरच्या शाळेकडून. पहिलं सगळ्यांना आठवतं. दुसरं राहतं.

गोसेखुर्द धरण असो की इटियाडोह, पाणी ओसरलं की डेरा काठाने सरकतो. म्हणून मोजणी दिवाळीनंतर एकदा आणि संक्रांतीनंतर पुन्हा. पत्ता मच्छीमार सोसायटीत नाहीतर मासळी उचलणाऱ्या व्यापाऱ्याकडे विचारा. नाव, वय, इयत्ता, मूळ शाळा, सरलचा (शाळांच्या ऑनलाइन विद्यार्थी नोंदीचा) आयडी, घरची बोली आणि परतायचा महिना लिहून घ्या. शेवटचा रकाना रिकामा सोडू नका, परतीचं पत्रक त्याच्यावरच ठरतं.

अंतर डोळ्यांनी मोजू नका. पाण्यापलीकडची शाळा समोर दिसते, पण वळसा घातला की चार-पाच किलोमीटर भरते. निकष पाचवीपर्यंत १ किलोमीटर, आठवीपर्यंत ३. अंतर त्याहून जास्त भरलं तर वाहतूक भत्त्याची मागणी तेव्हाच टाका. डोंग्यातून मुलं पाठवायची नाहीत, कोणी कितीही म्हणो.

दाखल्यासाठी अडवलं तर शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम ५ दाखवा: दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्ग वयाप्रमाणेच, मागे पडलेल्याला कलम ४ चं विशेष प्रशिक्षण. अकरा वर्षांच्या पोराला पहिलीत बसवलं की ते आठवड्यात परत जाळ्यावर.

उन्हाळ्यात शाळा सकाळची होते आणि जाळं निघतं पहाटे. गळती इथे लागते. जाळं काढायला कोणतं मूल जातं हे फेब्रुवारीतच विचारा, त्या वेळी हाताशी दुसरं मोठं माणूस कोण ते घरच्यांशी ठरवा. धाकट्याला सांभाळणारी पोरगी शाळेत हवी असेल तर धाकट्याचं नाव अंगणवाडीत घाला. नुसत्या समजावण्याने ती येत नाही.

वह्या, गणवेश, पोषण आहार नेहमीसारखं. आजी-आजोबांकडे राहू शकणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव स्थलांतराच्या आधी, नंतर उपयोग नाही.

डेरा सांगून उठत नाही. मासळी घटली की एका रात्रीत रिकामा. म्हणून परतीचं पत्रक मार्चअखेर भरून, शिक्का मारून, प्लॅस्टिकच्या पिशवीत पालकांच्या हातात. त्यात हजेरीचे दिवस आणि वाचन कुठवर आलं ते. फोटो मूळ शाळेच्या गुरुजींना. ऑनलाइन नाव मूळ शाळेकडे परत वर्ग करा. जूनअखेर शाळा उघडली की तिथे फोन: मूल आलं का, कोणत्या वर्गात बसलं, परतीचं पत्रक पोचलं का.